पेटंट औषध म्हणजे खात्रीचं औषध? शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. साधारण पंचेचाळीस वर्षांच्या एक मावशी ओपीडीत आल्या. छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप लागत नाही आणि दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलं, अशा तक्रारी. नाडी मोजली तर मिनिटाला 124. गळ्याशी गाठ होती. ती बरीच जुनी, दुखत नव्हती म्हणून त्यांनी कधी दाखवली नव्हती. मी विचारलं, "काही औषध चालू आहे का?" सोबत आलेल्या त्यांच्या मालकांनी पिशवीतून एक लहान काचेची बाटली काढली. हैदराबादला कामाला असलेल्या मुलानं मोबाईलवरून मागवलेले आयोडिनचे थेंब. आई गळ्याच्या गाठीसाठी रोज दहा थेंब पाण्यातून घेत होती.

मी म्हटलं, "आधी हे बंद करा."

मालक म्हणाले, "साहेब, पेटंट हाय ते. वर लिहिलंय बघा. सरकारनं पास केल्याबिगर पेटंट कसं देतील?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो एकट्या त्यांचा नाही. आपल्याकडे 'पेटंट' हा शब्द 'नंबर एक', 'खात्रीचं', 'हमखास' या अर्थानं वापरतात. पैलवानाचा पेटंट डाव, आचाऱ्याची पेटंट आमटी. त्यामुळे बाटलीवर पेटंट लिहिलं की औषध तपासून पास झालेलं, असं वाटणं साहजिक आहे. त्या आठवड्यात आयोडिनच्या थेंबांचा इतिहास वाचत बसलो आणि त्यात एक मराठी माणूस सापडला. त्याची गोष्ट कळली की पेटंट म्हणजे काय आणि काय नाही, हे आपोआप समजतं. म्हणून आज रक्तदाब-साखर बाजूला ठेवून थोडा इतिहास.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 1867 साली मुंबईत झाला. यंत्रांचं वेड लहानपणापासूनचं. विशीत त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमींचं मंडळ सुरू केलं. पुढचं स्टेशन कोणतं हे लोकलमधल्या प्रवाशांना दाखवणारं यंत्र आणि मधे कुणी उघडून भेसळ करू शकणार नाही अशी बाटली या त्यांच्या सुरुवातीच्या कल्पना. आज गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडताना खालची कडी तुटते ना, त्याच जातीचा विचार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलायतेतल्या संशोधकांच्या एका मासिकानं स्पर्धा ठेवली. पीठ, साखर असा किराणा आपोआप तोलून देणारं यंत्र तयार करायचं होतं. भिसे यांनी आराखडा पाठवला आणि स्पर्धा जिंकली. मग ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नवरोजींनी त्यांना हात दिला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले आणि हिंदुस्थानची लूट आकड्यांत मांडणारे तेच दादाभाई. वय पंचाहत्तरच्या घरात असताना त्यांनी या तरुणाच्या यंत्रांमध्ये स्वतःचे पैसे घातले. भिसे यांनी विजेवर चालणाऱ्या जाहिरातीच्या पाट्या, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास अशा कितीतरी गोष्टी केल्या. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंटं सांगितली जातात. पण त्यांचा सगळ्यांत मोठा जुगार होता छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राचा.

हल्लीच्या मुलांना खिळे म्हणजे काय ते सांगावं लागतं. कॉम्प्युटर येण्याआधी पुस्तक छापायचं तर प्रत्येक अक्षराचा शिशाचा एक खिळा असे. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, खणाखणांच्या लाकडी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. इंग्रजीचं तसं सोपं, पण आपल्या देवनागरीला काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागत. छापून झालं की खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. 1886 साली अमेरिकेत लायनोटाइप यंत्र वापरात आलं, ते शिशाची आख्खी ओळच ओतून देई. पाठोपाठ मोनोटाइप आलं. त्यात सुटे खिळे पडत, पण मिनिटाला दीडशेच्या आसपास. भिसे यांचं यंत्र, भिसोटाइप, मिनिटाला 1200 खिळे पाडेल असा त्यांचा दावा होता. धंद्यातल्या जाणकारांना हे अशक्य वाटलं, कारण वितळलेला धातू साच्यात भरणं, तो थिजणं आणि खिळा बाहेर पडणं या प्रत्येक पायरीला वेळ लागतोच. भिसे मात्र मागे हटले नाहीत.

इथे एक डॉक्टर म्हणून थोडं थांबतो. खिळ्यांच्या धातूत मुख्य वाटा शिशाचा, सोबत अँटिमनी आणि कथील. अँटिमनीमुळे खिळा कडक होतो आणि थिजताना आकसत नाही, म्हणून अक्षर रेखीव उमटतं. पण शिसं हे शरीराला सावकाश पोखरणारं विष आहे. खिळे हाताळून बोटांना लागलेली काळी धूळ, त्याच हातानं भाकरी, त्याच हातानं विडी. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा वॉर्डात एक निवृत्त जुळारी दाखल होते. पोटात कळा, रक्त कमी आणि उजवा पंजा मनगटातून खाली लोंबणारा. वर उचलायला सांगितलं तर उचलता येत नव्हता. सरांनी त्यांचा ओठ बाजूला करून हिरडीच्या कडेची निळसर रेघ दाखवली. या खुणेचं वर्णन हेन्री बर्टन या इंग्रज डॉक्टरनं 1840 साली केलं होतं, आणि ती मी पुस्तकाबाहेर पाहिली ती तेवढी एकदाच. ते काका हसत म्हणाले होते, "सगळ्या तालुक्याच्या लग्नपत्रिका याच हातानं जुळवल्या." आजही बॅटरी फोडून शिसं वितळवणाऱ्यांना, जुना रंग खरवडणाऱ्यांना हा धोका आहे. असं काम घरात कुणी करत असेल तर जेवणाआधी साबणानं हात धुणं आणि कामाचे कपडे लेकरांपासून लांब ठेवणं एवढं तरी कराच.

तर, भिसोटाइप. यंत्र बाजारात आणायला भांडवल हवं होतं. दादाभाईंनी हेन्री हाइंडमन या इंग्रज समाजवादी मित्रालाही गुंतवणूकदार शोधायच्या कामाला लावलं. समाजवाद्यानं भांडवलदार शोधत फिरायचं, याची मला गंमत वाटते. पैसा उभा राहिला नाही. 1908 च्या अखेरीस भिसे निराश होऊन मुंबईला परत निघाले. जहाजावर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी रतन टाटांकडे शब्द टाकला (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्याला माहीत असलेले रतन टाटा नव्हेत) आणि पैसे मिळाले. पुन्हा काम सुरू झालं, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. पुढे भिसे अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले आणि तिथेच राहिले. तिथे त्यांना 'इंडियन एडिसन' म्हणत. भिसोटाइप मात्र लायनोटाइप-मोनोटाइपसारखं छापखान्याछापखान्यांत कधी पोचलं नाही.

पेटंटं होती, तरी असं का झालं? पेटंट हा फक्त एक हक्क आहे. माझी कल्पना मी कागदावर उघड करून सरकारला देतो, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्यानं ती माझ्या परवानगीशिवाय वापरायची नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये ही मुदत 14 वर्षं होती, आज भारतात 20 वर्षं आहे. पेटंट यंत्र विकून देत नाही आणि भांडवल आणून देत नाही. यंत्र उत्तम चालतं असं प्रमाणपत्रही ते नसतं. कल्पना नवी आहे का, एवढा मुख्य प्रश्न. ब्रिटनच्या कचेरीत तर 1905 पर्यंत तेही नीट तपासत नसत. भिसे यांना आयुष्यभर अडचण आली ती कल्पनेची नव्हे. कागदावरचा हक्क आणि चालतं दुकान यांच्यामधलं अंतर त्यांना कधी तोडता आलं नाही.

आता आपल्या बाटलीकडे येऊ. अमेरिकेत भिसे रसायनांकडे वळले आणि त्यांनी आयोडिनचं एक औषध बाजारात आणलं, 'अ‍ॅटोमिडिन'. अणुरूपातलं आयोडिन अशा अर्थाचं हे नाव. हे आयोडिन शरीराला सहज मानवतं आणि नेहमीच्या आयोडिनसारखा त्रास देत नाही, असं सांगून ते नाना तक्रारींवर दिलं जाई. यंत्रांमधून हाती लागलं नाही ते नाव आणि पैसा याच औषधानं त्यांना बऱ्यापैकी दिला. एडगर केसी हे समाधीत जाऊन रोगनिदान सांगणारे अमेरिकी गृहस्थ तेव्हा गाजत होते, तेही लोकांना अ‍ॅटोमिडिन घ्यायला सांगत. 1935 साली भिसे न्यूयॉर्कमध्ये वारले, पण केसींच्या भक्तांमुळे ते नाव अजून टिकून आहे.

भिसे फसवत होते असं मी अजिबात म्हणत नाही. आयोडिन खरंच गुणाचं आहे. जखमेवर लावायचं तपकिरी औषध आयोडिनचंच. गलगंडावर आयोडिन देण्याची सुरुवात जिनिव्हाच्या कॉइंदे या डॉक्टरनं 1820 साली केली. 1917 पासून अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शाळकरी मुलींना आयोडिन देऊन गलगंड टळतो, हे मरीन आणि किंबॉल यांनी दाखवलं. कसं दाखवलं ते महत्त्वाचं आहे: काही मुलींना दिलं, काहींना दिलं नाही, आणि दोन्ही गटांतल्या मुलींचे गळे मोजले. त्यातूनच आयोडिनयुक्त मिठाची वाट मोकळी झाली. आपल्याकडे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठाचा असाच प्रयोग केला. आज आपण आयोडिनचं मीठ खातो ते या मोजमापांच्या जोरावर. अ‍ॅटोमिडिनसाठी केलेल्या मोठाल्या दाव्यांमागे असं मोजमाप नव्हतं, आणि कायदाही ते मागत नव्हता. अमेरिकेत औषध सुरक्षित असल्याचा पुरावा आधी द्या, हे 1938 साली सक्तीचं झालं. औषध गुणकारी असल्याचाही पुरावा द्या, ही सक्ती तर 1962 ची. भिसे यांच्याच काळात तिथे रेडियम घातलेलं पाणी 'रॅडिथॉर' नावानं टॉनिक म्हणून विकलं जाई. एबेन बायर्स हा धनाढ्य माणूस ते वर्षानुवर्षं पीत राहिला, त्याच्या जबड्याचं हाड सडलं आणि 1932 साली तो गेला.

आणखी एक घोळ इथेच सांगतो. जुन्या काळच्या इंग्रजी 'पेटंट औषधां'पैकी बहुतेकांना पेटंट नव्हतंच! पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि यांना ती लपवायची होती. ते फक्त नावाची आणि बाटलीच्या आकाराची नोंदणी करत. आपल्या 1940 च्या औषध कायद्यातही 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन' असा शब्दप्रयोग आहे. आयुर्वेदिक बाटलीवर तो दिसला तर अर्थ एवढाच की घटक ग्रंथांमध्ये दिलेले आहेत, पण त्यांचं हे मिश्रण कंपनीचं स्वतःचं आहे. पेटंट कचेरीचा त्याच्याशी संबंध नाही. खरं पेटंट असेल तर त्याला नंबर असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. मावशींच्या बाटलीवर मी भिंग लावून पाहिलं, नंबर नव्हता.

मावशींना काय झालं होतं? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, गरोदर बाईला 250. तेवढं मिठातून आणि जेवणातून मिळतं. दवाखान्यात वापरतात त्या 5 टक्के लुगोल द्रावणाच्या एकाच थेंबात साधारण 6 मिलिग्रॅम आयोडिन असतं, म्हणजे चाळीस दिवसांचा पुरवठा. मावशींच्या बाटलीवर तर किती टक्के हेसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं. जुन्या गाठीच्या गलगंडात थायरॉइडचा काही भाग मेंदूचा हुकूम न पाळता स्वतःच्या मर्जीनं चालत असतो. त्याला एकदम एवढा कच्चा माल मिळाला की तो बेसुमार हार्मोन बनवायला लागतो. मग धडधड, थरथर, वजन उतरणं, आणि उतारवयात हृदयाचे ठोकेच बेताल होण्याची भीती. काहींच्या बाबतीत उलट होतं, ग्रंथीचं काम मंदावतं. म्हणून गळ्याला गाठ असेल तर आधी टीएसएच आणि सोनोग्राफी करा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयोडिनचे थेंब घेऊ नका. मीठ मात्र आयोडिनचंच वापरा. या बातमीनं घाबरून पुन्हा जाड्या खडेमिठाकडे वळू नका.

मावशींचे थेंब बंद केले, ठोके आटोक्यात ठेवायची गोळी दिली आणि नांदेडला तज्ज्ञांकडे पाठवलं. चार महिन्यांनी परत आल्या तेव्हा नाडी 82 होती आणि वजन तीन किलो वाढलं होतं. गाठीची सुईनं तपासणी झाली होती, कॅन्सर नव्हता. मालकांना मी भिसे यांची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यांना औषधापेक्षा किराणा तोलणाऱ्या यंत्रात जास्त रस. त्यांचं स्वतःचंच गावात किराणा दुकान आहे.

"ते यंत्र मिळतं का साहेब कुठं?" त्यांनी विचारलं.