'चांगला' हा शेरा वाईट कसा ठरतो?

सरकारी नोकरीतल्या आपल्या माणसांना 'सी.आर. खराब केला' या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्षभर राबायचे कर्मचाऱ्याने आणि वर्षअखेरीस शेरा लिहायचा साहेबाने, ही गोपनीय अहवालाची जुनी पद्धत. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवला जाई. मग बाकीचे शेरे निरुपद्रवी होते का?

देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंतापदाच्या बढतीसाठी पाच वर्षे 'अतिशय चांगला' हा शेरा लागत असे. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना 'चांगला' मिळाला. चांगला म्हणजे प्रतिकूल नाही, म्हणून कळवला नाही. कळवला नाही, म्हणून दाद मागता आली नाही. त्यांचे कनिष्ठ मात्र पुढे गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असा निकाल दिला, तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढे मे २००९ मध्ये केंद्राने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आणि निवेदनासाठी १५ दिवस देण्याचा आदेश काढला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व मान्य केले.

या खटल्यात मुद्दा जातीचा नव्हता, गुप्ततेचा होता. नुसत्या गुप्ततेने एवढे नुकसान होत असेल, तर लिहिणाऱ्याच्या मनात जात असेल तिथे काय होत असेल?

पदोन्नतीतील आरक्षणाचा विषय निघाला की विरोधक कलम ३३५ मधली 'प्रशासनाची कार्यक्षमता' पुढे करतात. १९९६ मध्ये याच कलमाच्या आधारे न्यायालयाने पदोन्नतीतील निकषांची सवलत नाकारली. ती परत आणायला २००० साली ८२वी घटनादुरुस्ती करावी लागली. पण ही कार्यक्षमता मोजतो कोण? बहुतेक वेळा हाच अहवाल आणि हाच साहेब! ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती, त्यांच्या शेऱ्याला आपण 'गुणवत्ता' म्हणायचे का?

अहवाल आता उघड झाला, पण लेखणी अजून वरच्याच हातात आहे. म्हणून बंधूंनो, भगिनींनो, अहवाल मिळाला की नुसती सही करून परत देऊ नका. तो वाचा, प्रत ठेवा, केलेल्या कामाचे पुरावे जोडा आणि मुदतीत लेखी निवेदन द्या. 'चांगला' लिहिले असेल तरीही!

जय भीम.