पोट बांधणारी अफू

अफूने पोट बांधले जाते, ही आज रुग्णाची तक्रार आहे. कित्येक शतके मात्र तोच तिचा गुण होता. मागे जाताना आपल्याला शार्ङ्गधरसंहितेत ती ‘अहिफेन’ म्हणून भेटते आणि सोळाव्या शतकातला भावप्रकाश तिला ग्राही, म्हणजे मळ बांधणारी, ठरवतो. अतिसाराने माणसे दगावत त्या काळी वैद्याला हेच हवे होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात अफूला स्वतंत्र प्रकरण मिळाले. एकोणिसाव्या शतकात लष्करी डॉक्टर कॉलिस ब्राऊनने पटकीवर अफूचेच ‘क्लोरोडाइन’ काढले. त्याच शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. त्या व्यापारात श्रीमंत झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले. अफूच्या पैशावर रुग्णालय, हा योग इतिहासालाच सुचावा.

जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने अफूतून वेगळे काढलेले मॉर्फिन पुढे वेदनेसाठी रोज, महिनोन्‌महिने दिले जाऊ लागले, तेव्हा जुना गुण अवगुण ठरला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते दुर्मीळ केले. तरी १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर ते तोंडाने, ठरल्या वेळी देण्याचा मार्ग आखला आणि त्याच वर्षी वांद्र्यात शांती अवेदना सदन हे कर्करुग्णांचे शुश्रूषागृह सुरू झाले. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडले. मॉर्फिनने येणारी गुंगी, मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. कोठ्याला मात्र मॉर्फिनची सवय होत नाही. मेंदूत ते जिथे चिकटते तशाच जागा आतड्याच्या भिंतीतही आहेत. आतड्याची हालचाल मंदावते, पाणी शोषले जाते, मळाचा खडा होतो.

म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी सोनामुखी किंवा बिसाकोडिल, गरजेनुसार जोडीला लॅक्टुलोज लिहिलेले असावे. आपला घरगुती इसबगोल इथे उलटू शकतो: पाणी कमी पडले तर सुस्तावलेल्या आतड्यात त्याचाच गोळा अडकतो. २००८ पासून परदेशात वापरात आलेले मिथाइलनाल्ट्रेक्सोन आतड्यातल्या त्या जागा अडवते, मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे वेदनाशमन टिकते. पण ते महाग. महागावसारख्या दूरच्या गावाहून नागपूरला उपचारांसाठी जाणाऱ्याला साधी सोनामुखीच परवडते. तीन दिवस पोट साफ झाले नाही तर पुढच्या फेरीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. ओकाऱ्या होऊन पोट फुगले असेल तर जुलाब देऊ नये, तडक दवाखाना गाठावा. आतडेच अडलेले असू शकते.