हृदय बंद पडल्यानंतर तापमान: थंड करायचे की ताप रोखायचा?

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण आयसीयूमध्ये बेशुद्ध असतो, तेव्हा नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, बर्फावर ठेवणार ना?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र बदलले आहे.

हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळत नाही. रक्तप्रवाह परत आला तरी मेंदूची इजा पुढचे काही दिवस वाढत राहू शकते. त्यात ताप आला की मेंदूची प्राणवायूची गरजही वाढते. 2002 मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांत 33 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेले रुग्ण जास्त संख्येने चांगले बरे झाले, आणि ही पद्धत जगभर रूढ झाली. पण 2013 मध्ये 33 आणि 36 अंशांत फरक दिसला नाही. 2021 च्या सुमारे 1,900 रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला 33 अंशांवर ठेवले, दुसऱ्यात फक्त ताप रोखला. सहा महिन्यांत पहिल्या गटातील 50 टक्के, तर दुसऱ्यातील 48 टक्के रुग्ण दगावले. थंड केलेल्यांत हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडण्याचे प्रमाण जास्त होते.

रुग्णवाहिकेतच थंड सलाइन देऊनही पाहिले गेले. फायदा झाला नाही, उलट वाटेत हृदय पुन्हा थांबण्याचे प्रमाण वाढले. त्यामुळे नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपुरात कोणी कोसळले, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर बर्फ शोधू नका, कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहावे. इंदापूर किंवा अकलूज गाठेपर्यंत मेंदू वाचतो तो या दाबण्यामुळे.

आयसीयूमध्ये मुख्य उद्दिष्ट असते तापमान 37.5 अंशांच्या (99.5 फॅरनहाइट) वर जाऊ न देणे, साधारण दीड ते तीन दिवस. त्यासाठी पॅरासिटामॉल, थंड पाणी फिरणारे पॅड आणि हुडहुडी थांबवणारी औषधे वापरतात. काखेतला थर्मामीटर इथे पुरेसा विश्वासार्ह नसतो, म्हणून अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात तापमान मोजणारी नळी असते. काही रुग्णांत डॉक्टर आजही थंड करण्याचा निर्णय घेतात.

अंग हाताला गार लागले म्हणून स्वतःहून चादरी, गरम पाण्याच्या पिशव्या देऊ नका. बेशुद्ध रुग्णाला घाईने गरम करत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडले नाहीत म्हणून आशा सोडू नका. गुंगीच्या औषधांचा असर उतरायला वेळ लागतो, त्यामुळे मेंदूबद्दलचा अंदाज सहसा 72 तासांच्या आत बांधत नाहीत.