अक्षरवळणावरील वाचकाचा अधिकार

साखरशेत ज्या जव्हार तालुक्यात मोडते, तेथे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. मराठी मुलखातील जुन्या दप्तरांची लिपी मोडी. तिचा वाचक लिहिणाराच्या हाताशी बांधलेला असे. कारकुनाचे वळण गिचमिड असले तरी तेच वाचणे भाग. मुद्रणाने ही परवशता संपविली असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना स्थापिला आणि राणूजी आरूंनी घडविलेल्या ठशांनी बालबोधीस सुबक रूप दिले. पण अक्षराची निवड कारकुनाकडून छापखान्याकडे गेली, एवढेच. वाचकाच्या हाती उरली ती चाळिशी.

त्याचा अधिकार तत्त्वतः मान्य झाला तो महाजालावर. १९९४ मध्ये हाकोन व्हियुम ली यांनी मांडलेल्या शैलीपत्रकांच्या योजनेत मजकूर व त्याचे रूप वेगळे केलेले असून लेखक व वाचक या दोघांच्याही इच्छेला स्थान होते. मात्र १९९६ च्या पहिल्या प्रमाणकानुसार दोघांनीही आपला नियम ‘महत्त्वाचा’ ठरविल्यास लेखकाची सरशी होई. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणकाने हा क्रम उलटविला. कारण मंददृष्टी वाचकास मोठे अक्षर ही हौस नसून गरज असते.

मराठीस हे स्वातंत्र्य उशिरा लाभले. आरंभीच्या मराठी संकेतस्थळांवर रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरीचे अवयव बसविलेले असत, आणि प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. टंक बदलताच मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. रूप बदलणे म्हणजे मजकूरच गमावणे होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी तिचा वापर रूढ झाल्यावरच ही गाठ सुटली.

तथापि मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा, काना असलेला ‘ल’ यांना संकेत एकच आहे. पृष्ठाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल व टंकात तशी सोय असेल, तरच एरवी हिंदी वळण देणारा टंक मराठी रूप दाखवितो. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णलिपी ठरवून दिली खरी; पण वाचकाच्या यंत्रातील टंकाला शासननिर्णय कोठून ठाऊक असणार? मोडीची गोष्ट वेगळी. पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, २०१४ मध्ये, तिला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाले. त्यामुळे प्रमाण संकेतांनुसार बालबोध मजकूर मोडीत पाहण्यास टंक बदलून भागत नाही. लिप्यंतरच करावे लागते.