मुलांच्या पुस्तकांचा मध्यस्थ

पाश्चात्त्य देशांत बालग्रंथांचीं हस्तलिखितें प्रकाशकांकडे नेणारा धंदेवाईक मध्यस्थ असतो. खानदेशांत लेखक व बालवाचक यांची गांठ एका शिक्षकानें घातली, असें आम्हांस वाटतें. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय' हें हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्यें त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक सुरू केलें. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीताप्रवचनें त्यांनींच टिपून घेतलीं, म्हणून तीं आपणांपर्यंत पोंचलीं. पुढें १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहितांना मुलांची आवड त्यांना कोणास विचारावी लागली नाहीं. वाचक वर्षानुवर्षें समोर बसलेला होता. धंदेवाईक मध्यस्थ आपल्याकडेही अवश्य यावा. पण पुस्तक मुलाच्या हातीं देणारा अखेरचा मध्यस्थ घरांतलाच असतो. तें काम आम्ही वडील मंडळी करतों काय?