धूसर विंडशील्ड पुन्हा नितळ करताना

मोटारसायकलच्या हँडलपुढे वारा अडविण्यासाठी बसविलेल्या पारदर्शक पडद्याला सर्रास ‘काच’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ते प्लास्टिक असते आणि त्याच्या देखभालीतील बहुतेक चुका या एका गैरसमजातून घडतात. काचेला जे चालते ते प्लास्टिकला चालतेच असे नाही. परिणामी दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे सोसलेला हा पडदा हळूहळू दुधाळ दिसू लागतो.

दिवसा हा धूसरपणा खपून जातो. रात्री मात्र समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश प्रत्येक सूक्ष्म ओरखड्यावर विखुरतो आणि चालकापुढे प्रकाशाचा पांढरा पडदा उभा राहतो. ताम्हिणीसारख्या घाटातील ओल्या वळणावर दोन-तीन सेकंद रस्ताच न दिसणे किती महागात पडू शकते, हे वेगळे सांगावयास नको. त्यामुळे विंडशील्डची स्वच्छता ही शोभेची नव्हे, तर सुरक्षिततेची बाब ठरते.

दोन प्लास्टिके, दोन स्वभाव

विंडशील्डसाठी प्रामुख्याने अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही दोन प्लास्टिके वापरली जातात. अॅक्रिलिक १९३०च्या दशकात जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ व ब्रिटनमध्ये ‘पर्स्पेक्स’ या नावांनी बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांची पारदर्शक छपरे त्याचीच होती. छप्पर फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेले त्याचे कण शरीर सहन करते, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी हेरले. त्यातूनच १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसविण्याची सुरुवात झाली. अॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो आणि उन्हाने ते सहसा पिवळे पडत नाही. मात्र जोरदार आघाताने ते तडकते.

पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीत व अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे लागला. आघात सोसण्याची त्याची क्षमता अॅक्रिलिकपेक्षा कितीतरी अधिक आहे. उलट त्याचा पृष्ठभाग मऊ असून त्यावर चटकन चरे उमटतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते पिवळसर होते. म्हणून चांगल्या प्रतीच्या पॉलिकार्बोनेटवर कारखान्यातच कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो. कोणते प्लास्टिक आहे हे ठाऊक नसेल, तर ते लेप दिलेले पॉलिकार्बोनेट आहे असे धरून अधिक नाजूक उपचार करणेच शहाणपणाचे.

आधी निदान, मग उपचार

धूसरपणाची कारणे अनेक असतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे वाळलेले क्षार, चिरडलेले कीटक, जुन्या मेणाचा थर, कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे पडलेले बारीक चरे, झिजलेला लेप किंवा रसायनांमुळे आतवर गेलेल्या सूक्ष्म भेगा, यांपैकी नेमके काय झाले आहे ते प्रथम ओळखावे.

त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. विंडशील्ड स्वच्छ धुऊन ती ओली असतानाच तिच्यातून पाहावे. पाण्याचा थर असेपर्यंत धूसरपणा नाहीसा होत असेल, तर दोष केवळ पृष्ठभागावरील चऱ्यांचा आहे. पाणी त्या खाचा भरून काढते आणि प्रकाश विखुरण्याचे प्रमाण घटते. असा दोष पॉलिशने दूर होऊ शकतो. ओल्या अवस्थेतही धूसरपणा कायम राहिला, तर दोष खोलवर असण्याचा संभव अधिक. चऱ्यावरून नख फिरविताना ते अडकत असेल, तर केवळ पॉलिश पुरेसे ठरणार नाही.

स्वच्छतेची पद्धत

काम सावलीत आणि विंडशील्ड थंड असताना करावे. प्रथम भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडे फडके फिरविणे म्हणजे तेच कण पृष्ठभागावर घासणे होय. वाळलेल्या कीटकांवर ओले सुती फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवले, की ते न घासता सुटतात. नंतर पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब टाकून हाताने हलकेच धुवावे आणि मऊ मायक्रोफायबर फडक्याने पाणी टिपून घ्यावे. क्षारांचे पांढरे डाग राहिल्यास व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन ते आधी कोपऱ्यात लावून पाहावे, डागांवर थोडा वेळ ठेवावे आणि लगेच धुऊन टाकावे. अनेकदा एवढ्यानेच निम्मे काम होते.

चरे काढताना

बारीक चऱ्यांसाठी खास प्लास्टिकचे पॉलिश मिळते. ते मऊ फडक्यावर थोडेसे घेऊन, लहान भागावर, हलक्या दाबाने फिरवावे. घरगुती उपाय म्हणून दातांची पांढरी पेस्ट वापरली जाते. तिच्यातील सौम्य घर्षक कणांमुळे किरकोळ चरे कमी होतात हे खरे, पण त्या कणांचा आकार प्रत्येक पेस्टमध्ये सारखा नसतो. म्हणून पॉलिशच अधिक भरवशाचे. लेप शाबूत असल्यास घर्षक पॉलिशचा वापर बेतानेच करावा, कारण लेपही झिजतो.

खोल चऱ्यांसाठी वॉटर पेपरचा आधार घ्यावा लागतो. विंडशील्ड गाडीवरून उतरवून मऊ कापडावर ठेवावी. १००० क्रमांकाच्या कागदाने आरंभ करून १५००, २००० आणि शेवटी ३००० असा क्रम ठेवावा. पृष्ठभाग सतत ओला असावा. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवली, म्हणजे मागील टप्प्याचे व्रण पूर्ण गेले की नाही ते दिसते. दोन टप्प्यांच्या मध्ये पृष्ठभाग धुवावा. जाड कागदाचा एखादा कणही पुढचे काम बिघडवितो. सुरुवातीला विंडशील्ड अधिकच पांढरट होईल. त्याने घाबरून न जाता अखेरीस पॉलिश करावे.

येथे दोन पथ्ये महत्त्वाची आहेत. केवळ चऱ्यापुरताच भाग घासला, तर तेथे खळगा निर्माण होऊन त्यातून दृश्य वाकडे दिसते. म्हणून भोवतालचा विस्तृत भागही समान घासावा. दुसरे असे, की बफिंगचे यंत्र वापरल्यास वेग कमी ठेवावा आणि ते एका जागी थांबवू नये. अॅक्रिलिक सुमारे १०५ व पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडते. घर्षणाची उष्णता एका ठिकाणी साचली, तर झालेले नुकसान भरून निघत नाही.

घासताना पॉलिकार्बोनेटवरील मूळ लेप निघून जातो. त्यामुळे नंतर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा पारदर्शक लेप लावला नाही, तर मिळविलेला नितळपणा फार काळ टिकत नाही. मेणाचे आवरण तात्पुरते असते व ते वरचेवर द्यावे लागते.

हे कटाक्षाने टाळावे

गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा फिरवून विंडशील्ड पुसण्याची सवय घातक आहे. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, ब्रेक ऑइल, अमोनियायुक्त काच-स्वच्छक आणि भांडी घासण्याची घासणी यांना प्लास्टिकपासून दूरच ठेवावे. मोटारीच्या काचेवरून पाणी ओघळावे म्हणून मिळणारी द्रव्येही प्लास्टिकसाठी असल्याची खात्री केल्याविना लावू नयेत. विंडशील्डचे स्क्रू अतिघट्ट आवळल्यास छिद्रांभोवती ताण निर्माण होतो आणि त्यात रसायनाची भर पडली, की तेथूनच भेगा पसरतात. रबरी वॉशर वापरून स्क्रू बेताचेच आवळावेत.

केव्हा बदलावी

आतवर गेलेल्या भेगा, छिद्राजवळील तडे, खोलवर पसरलेला पिवळेपणा, यांवर पॉलिश हा उपाय नव्हे. डागडुजी झाल्यावर विंडशील्डमधून विजेच्या खांबासारख्या सरळ रेषेकडे पाहून मान हलवावी. रेषा वाकताना दिसली, तर पडदा कितीही चकचकीत असला तरी बदलावा. हेल्मेटच्या वायझरवर तर वॉटर पेपर चालवूच नये. तो डोळ्यांच्या अगदी समोर असतो, थोडीशी विकृतीही अंतराचा अंदाज चुकविते, आणि नवा वायझर तुलनेने स्वस्तात मिळतो.

उंच विंडशील्डची वरची कड नजरेच्या रेषेच्या थोडी खाली असावी, म्हणजे पावसात वा अंधारात चालकाला तिच्यावरून थेट रस्ता पाहता येतो. नितळ केलेल्या विंडशील्डच्या बाबतीतही हा नियम पाळणे हिताचे. गाडी सावलीत उभी करणे आणि प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर विंडशील्ड पाण्याने धुणे, एवढी सवय लावून घेतली तर वॉटर पेपर हाती घेण्याची वेळ क्वचितच येते.