माफी, लांबणी, परतावा

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शहराच्या दुसऱ्या अंगाला सातपूर-अंबडची कारखानदारी उभी राहिली. तिच्यामागे सरकारचा पैसा बराच आहे, पण त्यातला फार थोडा नोटांच्या रूपाने आला. सरकारने कर माफ केला, किंवा सावकाश भरा म्हटलं, किंवा घेतला आणि परत दिला. महाराष्ट्राचं साठ वर्षांचं उद्योगप्रोत्साहन मुख्यतः याच तीन चालींवर चाललंय. एक चाल बंद झाली की दुसरी निघते, आणि आधीची बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा दिल्लीत सापडतं.

या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर तगाईपर्यंत मागे जावं लागतं. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा यांनी विहिरीला, बैलाला, बियाण्याला सरकारी कर्ज द्यायची रीत बसवून दिली. कारखान्यांचा नंबर फार उशिरा लागला. १९५१ मध्ये राज्य वित्तीय महामंडळांचा कायदा झाला आणि लहान-मध्यम कारखानदाराला यंत्रासाठी मुदतीचं कर्ज मिळायची सोय झाली. पण तगाई असो की महामंडळाचं कर्ज, सरकारला आधी तिजोरीत हात घालावा लागतो, आणि कर्ज बुडालं की विधानसभेत उत्तरं द्यावी लागतात. कराच्या सवलतीत ही कटकट नाही. जो कर अजून आलेलाच नाही तो सोडून दिला, तर अर्थसंकल्पात खर्चाची ओळच उमटत नाही.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं तेव्हा कारखाने मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात दाटले होते. ते बाहेर न्यायचे तर आधी जागा हवी. १९६१ मध्ये औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली. त्याच सुमाराला सातपूरला नाशिकच्या उद्योजकांनी स्वतःची सहकारी वसाहत काढली, ती आजही ‘नाईस’ म्हणूनच ओळखली जाते. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्याला सवलतींचं एक गाठोडंच द्यायचं, ही तिची कल्पना. १९६६ मध्ये गाठोडं वाटायला ‘सिकॉम’ हे सरकारी महामंडळ निघालं. पुढे ही योजना दर काही वर्षांनी नव्या कलमांनिशी येत राहिली : १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९. कारखानदार सालावरूनच बोलतात. ‘मी ८८ मधला’ असं कोणी म्हणालं, तर ते त्याचं जन्मसाल समजू नये.

नाशिकला कारखाने सवलतीमुळे आले का? मला तसं सरसकट म्हणवत नाही. यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. मिग विमानांचा कारखाना ओझरला आला तो त्या काळात. गंगापूर धरणाचं पाणी होतं, रेल्वे होती, मुंबई-आग्रा रस्ता दारातून जात होता. मायको आली, आणि तिच्या नावाचं सर्कल कंपनीचं नाव बॉश झाल्यावरही मायकोच राहिलं. मोठ्यांनी हे सगळं पाहून नाशिक निवडलं असणार. सवलतीने काम केलं ते पुढच्या फळीत. ज्याला नाशिक, नगर आणि औरंगाबाद सारखेच वाटत होते, त्याच्या पारड्यात तिने शेवटचं वजन टाकलं.

या सगळ्या गाठोड्यात कारखानदाराच्या तोंडी बसलेली वस्तू एकच : डिफरल, म्हणजे कराची लांबणी. समजा, एकाने एक लाखाचे सुटे भाग विकले आणि बिलात आठ हजार विक्रीकर लावला. गिऱ्हाइकाने एक लाख आठ हजार दिले. हे आठ हजार वास्तविक सरकारचे. पण कारखानदाराकडे सिकॉमचं किंवा जिल्हा उद्योग केंद्राचं पात्रता प्रमाणपत्र आहे, आणि त्यावरून विक्रीकर खात्याने दिलेलं हक्काचं प्रमाणपत्रही आहे. मग हे आठ हजार त्याने वापरायचे, आणि बऱ्याच वर्षांनी हप्त्याहप्त्याने भरायचे. व्याज शून्य. मर्यादा एकच, कारखान्यात घातलेल्या भांडवलाच्या ठरलेल्या टक्क्यांपर्यंत रक्कम पोचली की सवलत संपली. बँकेत गहाणखत, जामीनदार, मॅनेजरची मर्जी असा सारा खटाटोप; इथे कर्ज थेट गिऱ्हाइकाच्या बिलातून उभं राहत होतं. माल खपला तरच ते मिळत होतं, ही सरकारला बरी वाटणारी गोष्ट. ज्याचा माल खपत नाही त्याला, म्हणजे ज्याला पैशाची खरी नड आहे त्याला, यातून काहीच मिळत नव्हतं. हा दोष योजनेच्या रक्तातच आहे आणि तो आजतागायत गेलेला नाही.

दिल्लीने पहिला खोडा घातला तो आयकर कायद्यात. १९८३ मध्ये ४३ ब हे कलम आलं : विक्रीकर प्रत्यक्ष भरला तरच तो खर्च म्हणून वजा करता येईल. आता डिफरलवाल्याने तर भरलेलाच नाही! म्हणजे एका सरकारने दिलेली सवलत दुसऱ्याने आयकरातून काढून घ्यायची. राज्याने त्यावर कायद्यातच उतारा काढला. लांबणीवर टाकलेला कर भरला असं समजायचं, आणि तेवढीच रक्कम सरकारने कारखानदाराला कर्जाऊ दिली असंही समजायचं. कागदावर कर भरला गेला आणि कर्ज उभं राहिलं. प्रत्यक्षात एक रुपयाही जागचा हलला नाही. अशी करामत बघितली की मंत्रालयातल्या कुणा अनाम कारकुनाला दाद द्यावीशी वाटते.

नंतर सरकारलाच पैशाची घाई झाली. बारा वर्षांनी येणारी रक्कम आजच हवी, म्हणून ‘आजच्या किमतीने’ एकरकमी भरून मोकळं व्हायची मुभा दिली गेली. सल्झर इंडिया या कंपनीचा हिशेब न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे. लांबणीवर टाकलेला कर सुमारे ७ कोटी ५२ लाख रुपये, आणि तो फेडताना भरलेली रक्कम ३ कोटी ३७ लाखांच्या आसपास. मधले चार कोटी म्हणजे नफा झाला, त्यावर कर द्या, असं आयकर खातं म्हणू लागलं. हे आणि याच जातीचे खटले न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कारखानदारांच्या बाजूने संपले. पुढे भरायची रक्कम आजच्या मोलाने आज भरली, तर त्यात काहीच माफ झालेलं नाही, असा निष्कर्ष. सावकारी पेढीवरच्या मुनिमाला हे सांगायला न्यायालय लागलं नसतं.

दुसरीकडे नकाशाही बदलत होता. योजनेने तालुक्यांना अक्षरं दिली होती : अ, ब, क, ड आणि ड+. जितका मागास तितकी सवलत मोठी. त्यामुळे सिन्नर, इगतपुरी, दिंडोरीकडे जमीन बघायला जाणारा माणूस सातबाऱ्याबरोबर तालुक्याचं अक्षरही विचारू लागला. अक्षरांच्या उतरंडीत तळाला असलेल्या सुरगाणा-पेठेत मात्र कारखाने फिरकले नाहीत. सवलत कराच्या प्रमाणात मिळणार, कर विक्रीच्या प्रमाणात लागणार. जिथे रस्ताच धड नाही, तिथे शंभर टक्के सवलत म्हणजे शून्याचे शंभर टक्के.

विक्रीकरातली सवलत संपवली ती राज्यांच्या आपसातल्या चढाओढीने. गुजरात एक देणार, महाराष्ट्र दीड, गोवा दोन. नोव्हेंबर १९९९ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं आणि ठरलं, की विक्रीकराचे किमान दर सगळीकडे सारखे ठेवायचे आणि नव्या उद्योगांना विक्रीकरातून सवलत द्यायची नाही. १ जानेवारी २००० पासून माफी आणि लांबणी दोन्हींचं दार नव्यांना बंद झालं. मग तिसरी चाल निघाली. कर पूर्ण घ्यायचा, आणि भरलेल्या कराच्या हिशेबाने ‘औद्योगिक प्रोत्साहन अनुदान’ परत द्यायचं. करात सवलत नाही, हे दिल्लीला सांगता येतं. हातात तेच पडतं, हे उद्योजकाला कळतं. फरक एवढाच, की आता खर्चाची ओळ अर्थसंकल्पात येऊन बसली. पूर्वी कारखानदार पैसा धरून बसायचा आणि सरकार वाट बघायचं. आता सरकार धरून बसतं आणि कारखानदार मंत्रालयात खेपा घालतो.

याच वळणावर नाशिकची द्राक्षं कथेत येतात. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, सावरगावला गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आणली. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं २००१ मध्ये, म्हणजे नंतर. धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षांची पूर्ण सूट दिली, ती पुढे वाढवलीही. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. ज्यांच्या बागेत काल थॉमसन होती त्यांनी शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां, शिराझ लावली. बँकांनीही हात सैल सोडला आणि वाइनऱ्या भराभर निघाल्या. २००८-०९ च्या मंदीत, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली तेव्हा टाक्या भरलेल्याच राहिल्या. नारायणगावची इंडेज ही वाइन कंपनी कोसळली, शेतकऱ्यांची द्राक्षं कोणी घेईना, बागा तोडल्या गेल्या. शुल्कमाफी होतीच की! पण न विकलेल्या वाइनवर माफ करायला शुल्क कुठलं?

पुढची सवलत आली ती तिसऱ्या चालीची, आणि आज वाइनऱ्यांचा श्वास तिच्यावर आहे. वाइनवर व्हॅट २० टक्के. वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेत त्यातले १६ वाइनरीला परत, सरकारकडे ४ उरतात. पाचशेच्या मालावर शंभर रुपये कर भरला, तर ऐंशी परत. फक्त ते परत येईपर्यंत खातेवहीत ‘येणे’ म्हणून पडून राहतात, आणि वाइनरीला त्या काळात द्राक्षवाल्याचे पैसे चुकवायचेच असतात.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा इतर कारखान्यांचं सारं गणित राज्याच्या जीएसटीवर नव्याने बसवावं लागलं. दारू जीएसटीबाहेर राहिली, म्हणून वाइनचा व्हॅट राहिला आणि परतावाही जुन्याच रूपात टिकला. डिसेंबर २०२२ मध्ये सुला ३५७ रुपये दराने शेअर बाजारात आली, तेव्हा गुंतवणूकदारांच्या चर्चेत द्राक्षाच्या जातींइतकाच हा परतावा होता. योजनेची मुदत संपलेली होती आणि ती पुढे चालेल का, हा प्रश्न लोंबकळत होता. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती पाच वर्षांसाठी चालू ठेवायचं ठरवलं, आणि बातमीसरशी शेअर उसळला.

व्हॅट राज्यातल्या विक्रीवर लागतो, परराज्यातल्या विक्रीवर नाही. त्यामुळे दिंडोरीहून निघालेली पेटी मुंबईच्या दुकानात गेली तर तिच्यामागे परतावा आहे, बेंगळुरूला गेली तर नाही. शिवाय तिथल्या सरकारचे कर वेगळेच. नाशिकची वाइन देशभर जावी असं सगळे म्हणतात, पण माल कुठे पाठवायचा ते ठरवणारा माणूस आधी हा सोळा टक्क्यांचा हिशेब करून बघतो.